शेवटच्या खुर्चीपर्यंत

सकाळी मैदानावर फक्त चुन्याच्या रेघा होत्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुसऱ्या दिवशी साहित्य मेळावा भरणार होता. व्यासपीठ कुठे, खुर्च्या कुठे, पुस्तकांचे गाळे कुठे, एवढंच त्या रेघा सांगत होत्या. आधी मांडववाल्यांचा ट्रक आला. लोखंडी खांब, कैच्या, कापडाचे गठ्ठे आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या उतरंडी. मग स्टेजच्या फळ्या घेऊन आयशर आली, दुपारी साऊंडचा टेम्पो आणि उन्हं कलताना एलईडीवाले. जनरेटर सगळ्यांच्या शेवटी आला आणि शाळेच्या भिंतीमागे जाऊन उभा राहिला.

संपादकांनी या अंकासाठी ‘सभा’ हा विषय दिला, तेव्हा गाजलेल्या वक्त्यांवर लिहिणारे पुष्कळ असतील हे उघड होतं. मला सभेच्या खालच्या फळ्या बघायच्या होत्या. मराठी माणसाला भाषण ऐकायची ओढ आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे आणि गावोगावी तिच्या धाकट्या बहिणी आहेत. वक्त्याच्या तोंडून निघालेला शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत कसा पोचतो, आणि पोचत नाही तेव्हा नेमकं काय झालेलं असतं, हे मात्र ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

साऊंडचं काम घेतलेल्या गृहस्थांना सगळं मैदान अण्णा म्हणत होतं. टेम्पोची फळी खाली पडली तरी त्यांनी एकही पेटी उघडू दिली नाही. व्यासपीठाच्या जागेपासून ते शेवटच्या रेघेपर्यंत पावलं मोजत गेले. ७० मीटर. परत येऊन व्यासपीठाच्या जागी उभे राहिले आणि जोरात टाळी वाजवली. शेवटच्या रांगेच्या मागे शाळेची दुमजली इमारत होती. टाळी तिच्यावर आपटून परत आली, स्पष्ट, सुटी. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्या भिंतीपर्यंत जाऊन यायला त्याला अर्धा सेकंद लागत होता. म्हणजे उद्या वक्ता एक शब्द बोलून पुढच्यावर जाईल, तेव्हा मागचा शब्द त्याच्याच कानांवर येऊन आदळेल. पुढच्या रांगांतल्या पाहुण्यांचंही तेच होणार. अण्णांनी पोरांना सांगितलं, टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, खाली झुकवायचे, आवाज माणसांच्या डोक्यांवर पडला पाहिजे, भिंतीवर नाही.

या कामाची सुरुवात अशी होते. यंत्र नंतर येतं.

कर्ण्यापासून टांगलेल्या माळेपर्यंत

टिळकांच्या सभांना ध्वनिक्षेपक नव्हता. कीर्तनकार, शाहीर आणि संगीत नाटकातले नट गळ्याच्या बळावर शेवटच्या माणसापर्यंत जायचे आणि ऐकणारेही त्या मानाने श्वास धरून बसायचे. १९३०च्या दशकात काँग्रेसच्या सभांमधून नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिक्षेपक दिसू लागले. गांधी-नेहरूंच्या त्या काळातल्या छायाचित्रांत माईकवर हे नाव ठळक वाचता येतं. सभेचा आकार तिथून बदलला. हजारांची सभा लाखांची होऊ शकली, कारण मागे उभ्या माणसालाही आता थांबण्यात अर्थ होता.

आपल्याकडे खेडोपाडी पोचला तो कर्णा, म्हणजे भोंगा. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याचं काम समजून घेतलं तर त्याच्याविषयी आदर वाटतो. थोड्या वॅटवर तो लांब जातो, पावसात भिजला तरी चालतो, झाडाला बांधता येतो, आणि माणसाचं बोलणं ज्या पट्ट्यात असतं तेवढाच पट्टा तो नेमका उचलतो. खर्ज नाही, झिलई नाही, पण शब्द आहे. अडचण होते ती भोंगे जास्त झाले की. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार भोंगे एकाच तारेवर लावले, तर मधल्या माणसाला एकच वाक्य चार वेळा, मागेपुढे ऐकू येतं. तारेतून वीज क्षणात पोचते, हवेतून आवाजाला वेळ लागतो. सगळा गोंधळ या दोन वेगांमधला आहे.

कान थोडी सवलत देतो. साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन आवाज तो एकच समजतो आणि जो आधी आला त्याच्या दिशेने मान वळवतो. फरक बराच वाढला की प्रतिध्वनी. म्हणून मोठ्या मैदानात मध्यावर जे जादा स्पीकर उभे करतात, त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो. या मैदानावर ४० मीटरवर असे दोन खांब होते. ४० मीटर जायला आवाजाला सुमारे ११६ मिलिसेकंद लागतात. अण्णांच्या मुलाने त्यात आणखी १२ घातले. का, तर स्टेजवरचा आवाज आधी कानी पडावा, जवळच्या स्पीकरचा त्याच्यात मिसळावा, आणि मागच्या माणसाला वाटावं की वक्ता समोरूनच बोलतोय. लॅपटॉपवर आकडे घालून तो खुर्च्यांच्या रेघांमध्ये उभा राहिला. पोरं स्टेजवरून ‘चेक, चेक, वन, टू’ म्हणत होती आणि हा डोळे मिटून ऐकत होता. मग आकडा थोडा बदलला, पुन्हा ऐकलं. यंत्राने काढलेल्या उत्तरावर कानाने शिक्का मारल्याशिवाय तो पुढे गेला नाही.

हल्लीच्या मोठ्या सभांत स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची लांब, खाली वळलेली माळ टांगलेली दिसते, ती लाइन अ‍ॅरे. फ्रान्समधल्या क्रिस्तियाँ हाइल यांनी १९९२च्या सुमारास व्ही-डॉस्क ही रचना आणली आणि मैदानावरचा हिशेब बदलला. एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अशी माळ नीट जुळवली, तर ठरावीक अंतरापर्यंत तो दर दुपटीला ३ डेसिबलनेच उतरतो. पुढच्या रांगेचे कान न फाडता मागच्या रांगेला ऐकवता येतं ते यामुळे. मात्र प्रत्येक पेटीचा कोन अंशाअंशाने ठरवावा लागतो. चुकीच्या कोनात टांगलेली महागडी माळ एखाद्या जुन्या भोंग्यापेक्षा वाईट ऐकू येते, आणि तशी ती मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकली आहे.

आवाज मोठा करणं म्हणजे ऐकू येणं नव्हे, ही गोष्ट आयोजकांना समजावण्यात या लोकांचं अर्धं आयुष्य जातं. कानाला आवाज दुप्पट वाटायला विजेची ताकद साधारण दहापट लागते. शिवाय शब्द कळतो तो व्यंजनांवर. स्वरांत जोर असतो, तर ‘पाट’ आणि ‘ताट’ यांतला फरक २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपासच्या एका बारीक ठिणगीत असतो. बेस वाढवला, मांडव घुमायला लागला की आधी मरते ती ही ठिणगी. माणूस म्हणतो, आवाज भरपूर होता पण काही कळलं नाही. त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर असतं.

माईक आणि माणूस

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार. व्यासपीठावर आठ जण, प्रत्येकासमोर गूसनेक माईक, पोडियमवर दोन, निवेदिकेच्या हातात कॉर्डलेस, आणि स्वागतगीतासाठी पेटी-तबल्याचे वेगळे. आयोजकांची इच्छा अशी की सगळे माईक सतत चालू असावेत, ऐनवेळी कोणाची पंचाईत नको. पण उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न होता मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. आठ माईक उघडे ठेवले तर एकाच्या मानाने ९ डेसिबल गेले. त्यात आठ जणांचे खाकरणे, पंख्याचा वारा, कानगोष्टी आणि चहाचे कप. म्हणून कन्सोलवरचा, म्हणजे सगळ्या माईकांचा आवाज जुळवणाऱ्या यंत्रावरचा, मुलगा एक बोट बोलणाऱ्याच्या फेडरवर आणि नजर पुढच्यावर ठेवून असतो. कोणी खुर्ची सरकवली, चष्मा काढला की तो आता बोलणार हे त्याला कळतं आणि माईक पहिल्या अक्षराआधी उघडतो. हे जमलं तर कोणाच्या लक्षात येत नाही. चुकलं तर हजार माना त्याच्याकडे वळतात.

शिट्टीचं कारण साधं आहे. स्पीकरमधून आलेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, मोठा होऊन पुन्हा बाहेर पडतो, आणि हे चक्र एका सुरावर फिरू लागतं. वक्ता माईकपासून लांब उभा राहिला की ऑपरेटरला आवाज वाढवावा लागतो आणि चक्र सुरू होतं. चार बोटांवरून बोललं तर पुरे. पण वक्ते माईकला घाबरून मागे सरकतात, नाहीतर जाळीवर टिचक्या मारतात, फुंकतात. पोडियमवर ठेवलेला पुष्पगुच्छ बरोबर माईकच्या तोंडाशी येतो. शूरचा एसएम५८ हा गोल जाळीचा माईक १९६६ पासून जगभर चालतो, आपल्याकडेही गावोगावच्या पेट्यांत तो किंवा त्याच्या नकला असतात. पडला, आपटला तरी तो बहुधा चालतो. पण तोंडापासून हातभर लांब धरला तर त्याचा काही उपयोग नाही, आणि सूत्रसंचालक बोलता बोलता तो नेमका पोटापाशी नेतात.

मला सगळ्यात खटकली ती कन्सोलची जागा. आवाज जुळवणारा माणूस श्रोत्यांमध्ये बसायला हवा, मैदानाच्या दोन तृतीयांशावर, जिथे त्याला सर्वांसारखंच ऐकू येईल. इथे त्याला स्टेजच्या बाजूला, विंगेच्या कापडामागे बसवलं होतं, कारण मध्ये टेबल आलं तर फोटोत दिसतं आणि निमंत्रितांच्या दोन रांगा कमी होतात. म्हणजे हजार माणसांसाठी आवाज ठरवणाऱ्यालाच तो आवाज ऐकू येत नव्हता. अण्णांनी त्यावर आपल्या परीने तोड काढली होती. ते स्वतः दिवसभर मागच्या खुर्च्यांमध्ये फिरत राहिले आणि हाताच्या खुणांनी मुलाला वरखाली सांगत राहिले. कोणत्याही आयोजकाला एकच विनंती करायची झाली, तर मी ही करेन: निमंत्रितांच्या दहा खुर्च्या काढा आणि त्या माणसाला मध्ये बसू द्या.

मोकळ्या मैदानावर हवाही साथ देते किंवा दगा देते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा गरम, वरची थंड. आवाज वर वळतो आणि मागच्या लोकांच्या डोक्यावरून निघून जातो. रात्री जमीन थंडावते, हिशेब उलटा होतो, आवाज खाली वाकतो आणि पलीकडच्या वस्तीत स्वच्छ ऐकू जातो. थंडीत दूरच्या गावचं भजन उशाशी आल्यासारखं वाटतं ते यामुळे. म्हणून दुपारी केलेलं साऊंड चेक संध्याकाळी जसंच्या तसं चालत नाही. त्यात माणसं येऊन बसली की कपड्यांत, अंगांत आवाज शोषला जातो. रिकाम्या खुर्च्यांसाठी जुळवलेला आवाज भरल्या सभेला पातळ वाटतो.

वीज, पडदा आणि वारा

जनरेटर ६२.५ केव्हीएचा होता. वायरमनने सगळ्यात आधी अर्थिंगचा खड्डा केला, मीठ-कोळसा घालून पाणी ओतलं, मग तीन फेज वाटून दिले: एकावर साऊंड, एकावर लाइट, एकावर एलईडी आणि पंखे. लाइटचे डिमर आणि साऊंड एका फेजवर आले तर स्पीकरमधून सतत गुणगुण येते. त्याहून भीतीचा प्रकार म्हणजे न्यूट्रल सुटणं. तसं झालं तर २३० व्होल्टवर चालणाऱ्या यंत्राला ४०० व्होल्टच्या आसपास वीज मिळू शकते, आणि एका सेकंदात एका कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई जळून जाते. त्यामुळे न्यूट्रलचा नट त्याने स्वतः आवळला आणि दर दोन तासांनी हात लावून पाहिला. डिजिटल कन्सोलला छोटा यूपीएस होता. महावितरणवरून जनरेटरवर जाताना क्षणभर अंधार झाला तरी कन्सोल बंद पडून पुन्हा उठेपर्यंत सभा मुकी व्हायला नको.

एलईडी वॉल मागितली होती वीस बाय दहा फुटांची. प्रत्यक्षात ती अर्ध्या मीटरच्या चौकोनी कॅबिनेटची बनते. १२ आडवी, ६ उभी, म्हणजे ७२. पी३.९ म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये ३.९ मिलिमीटर अंतर. ढोबळ हिशेब असा की जितके मिलिमीटर, निदान तितक्या मीटरवरून पाहावं. मागच्या रांगेला त्याहून बारीक ठिपका दिसतच नाही. तरीही आयोजक आणखी बारीक पिचची वॉल मागतात, कारण शेजारच्या तालुक्यात तशी होती. त्या फरकाच्या पैशांत मागे दोन स्पीकर सहज आले असते. पडद्याचा खरा उपयोग असतो तो ७० मीटरवर बसलेल्यांना वक्त्याचा चेहरा दाखवण्यात. ओठ दिसले की कमी ऐकू येणाऱ्यालाही निम्मं कळतं. त्या दिवशी पडद्यावर बराच वेळ देणगीदारांचे फोटो फिरत होते.

आणि वारा. वॉल म्हणजे १८ चौरस मीटरचं सपाट शीड. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याला त्यावर २०० किलोच्या वर रेटा बसतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस वाऱ्याला पुढे घालूनच येतो. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी जाहिरातीचा प्रचंड फलक वादळात कोसळून १७ माणसं गेली. तो कायमचा म्हणून उभारलेला होता. इथे एका रात्रीत उभं करून दुसऱ्या रात्री उतरवायचं असतं. ट्रसच्या पायाशी पाण्याने भरलेली पिंपं आणि वाळूची पोती ठेवली होती. मागच्या बाजूला तिरके टेकू होते. एलईडीवाल्या पोरांनी ते टेकू फोटोत येतात म्हणून काढायला सपशेल नकार दिला. फार बरं वाटलं.

मांडवाविषयी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसं भर उन्हात बसली आणि उष्माघाताने १४ जण दगावले. व्यासपीठावर छत होतं, मैदान उघडं होतं. कापड, खांब, पाण्याची टाकी, जायच्या-यायच्या वाटा हीसुद्धा सभेचीच सामग्री आहे. जर्मन हँगर म्हणतात तो ॲल्युमिनियमच्या कमानींचा खांबविरहित मांडव आता तालुक्यापर्यंत आलाय. पण अंदाजपत्रक आकसलं की आधी कमी होतं ते मागच्या अंगाचं छप्पर. विदर्भातल्या बिछायत केंद्रवाल्यांपासून कोकणातल्या मंडप डेकोरेटरपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक असतं. बोलायची सोय त्यांना क्वचितच असते.

दहा वाजता

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा गाभा. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं आणि महाराष्ट्रातलं सभांचं एक नावाजलेलं मैदान परवानगीच्या कागदांवर आलं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची बैठक १९५३ पासून रात्र रात्र चालायची. आता ती दुपारी सुरू होते आणि पहाटेचे राग पहाटे ऐकणं तिथून गेलं.

मला या नियमाची बाजू घ्यावीशी वाटते. गणपतीत रस्त्यावर उभ्या केलेल्या बेसच्या भिंतींनी घरातल्या भांड्यांना कंप सुटतो, तान्ही मुलं दचकून उठतात. तिथे कोणालाही काही ऐकवायचं नसतं. खर्जाचा आवाज दिशा मानत नाही, भिंतीही मानत नाही. पण सभेचं नीट जुळवलेलं साऊंड आणि ही भिंत यांना लोक एकाच नावाने शिव्या देतात, हा साऊंडवाल्यांवर अन्याय आहे. मैदानभर छोटे छोटे स्पीकर, प्रत्येकाचा आवाज हळू, प्रत्येकाला योग्य उशीर, अशी मांडणी केली तर सभेला स्वच्छ ऐकू येतं आणि मैदानाबाहेर फारसं जात नाही. तिला वायरी जास्त लागतात, माणसं जास्त लागतात, आणि फोटोत ती भारदस्त दिसत नाही.

निवडणुकीत या धंद्याचा वेगळाच हिशेब असतो. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, विधानसभेला ४० लाख. त्यामुळे जिल्हा निवडणूक कार्यालय खुर्ची, माईक, मांडव, ध्वनिक्षेपक अशा एकेका वस्तूचा दर ठरवून देतं आणि सभेत काय काय लागलं ते पथकं टिपून घेतात. तो कागद हाती घेऊन वाचावा असा असतो. सभा नावाची गोष्ट कशाकशाने बनते, याची इतकी प्रामाणिक यादी दुसरीकडे नसेल.

उतरवणं

समारोपाचं राष्ट्रगीत संपलं तसा पोरांनी स्टेजवर चढून माईक काढायला घेतले. वायर गुंडाळायची एक रीत आहे: एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी एका झटक्यात सुटते. नव्या पोराला आधी हेच शिकवतात. बंगाल, बिहारकडची पाच-सहा मुलं मांडवाचं कापड उतरवत होती. त्यांचं जेवण आयोजकांच्या पंगतीत कोणी धरलं नव्हतं. अण्णांनी स्वतःच्या डब्याबरोबर त्यांच्यासाठीही मागवलं. २०२०-२१च्या टाळेबंदीत या धंद्याचा एक पूर्ण हंगाम आणि मग दुसराही गेला. तेव्हा हप्त्यांसाठी ॲम्प्लिफायर विकावे लागलेले लोक अजून त्या खड्ड्यातून वर येतायत. सरकारदरबारी त्यांची नोंद कलाकार म्हणूनही नाही आणि कामगार म्हणूनही क्वचित. तारेवर चढताना हातमोजे, ट्रसवर चढताना पट्टा, एवढी गोष्टही कंत्राटात लिहिलेली नसते. ती लिहिली गेली पाहिजे, आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाने ती तपासली पाहिजे.

दहाच्या सुमारास अण्णांचा फोन वाजला. पुढच्या आठवड्यात कराडकडे एक व्याख्यानमाला होती. पलीकडचे गृहस्थ वॉल किती बाय किती पाहिजे ते सांगत होते. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवटची खुर्ची कुठे येणार, तिच्या मागे काय आहे, आणि कन्सोलला मध्ये जागा मिळेल का. पलीकडून बघून सांगतो असं उत्तर आलं. अण्णा म्हणाले, मीच उद्या सकाळी येऊन बघतो.